तय्यबे सुईणीचे मंगळवार

यझ्द शहराच्या जुन्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात तय्यबे सुईण बावीस वर्षं होती, आणि तेवढ्या वर्षांत तिच्यासमोर एकदाही न रडलेली गरोदर बाई त्या वस्तीत शोधून सापडली नसती. वजनकाट्यावर चढलेल्या बाईला ती विचारायची, "बाळ वाढतंय का नुसती तूच?" साखर वाढलेली दिसली की वही एका बोटानं परत सरकवायची. "पोटात पोर आहे का हलवायाचं दुकान? बाकलव्याचे थर किती लावलेस ते तरी सांग." बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना हे सगळं ऐकू यायचं, आणि ऐकू जावं म्हणूनच ती आवाज चढवायची. एकीला झापलं की दहा जणी ताळ्यावर येतात, असं तिचं मत होतं.

स्वभाव काही जन्माचा नव्हता. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती तफ्तच्या पलीकडे, डोंगरातल्या एका खेड्यात होती. तिथं एक बाई पाय सुजले म्हणून आली. डोकंही दुखत होतं तिचं. तय्यबे तेव्हा सव्वीस वर्षांची, हसरी, हाताची मऊ. तिनं बाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "काही होत नाही गं, आठवा महिना आहे, पाय उशीवर ठेवून पड." बाई समाधानानं घरी गेली आणि तिसऱ्या दिवशी झटके येऊन मेली. पोर पोटातच गेलं. तय्यबेला कुणी बोल लावला नाही. बाईच्या सासऱ्यानं तर पिशवीभर अक्रोड आणून दिले, तुम्ही फार मायेनं वागलात म्हणून. ते अक्रोड तिनं ओढ्यात टाकले आणि मायेनं वागणं त्या दिवसापासून बंद केलं. बाई घाबरली तर जगेल, एवढंच तिनं त्यातून उचललं.

तिला स्वतःला मूल झालं नाही. नवरा शाळेत मास्तर होता, शांत माणूस. तो गेल्यावर ती दोन खोल्यांत एकटीच राहायची. बायका पाठीमागं म्हणायच्या, "जिची कूस कधी भरली नाही, ती आम्हाला शहाणपण शिकवते." हे तिच्या कानावर होतं. केंद्रात येताना ती चादर डोक्यावरून घट्ट ओढून, कुणाकडे न बघता सरळ आत यायची.

ती एकोणपन्नासची असताना विद्यापीठातून डॉक्टर नवाबी आली. मानसशास्त्र शिकवणारी, चाळिशीची, हळू बोलणारी बाई. गरोदरपणात साखर वाढलेल्या बायकांना गोळ्या-सुयांइतकाच मनाचा आधार लागतो, तो मिळाला तर साखरही खाली येते, हे तिला आकड्यांनिशी दाखवून द्यायचं होतं. त्यासाठी साठ बायका हव्या होत्या आणि त्यांच्याशी बोलायला वस्तीतलीच एक सुईण. केंद्राच्या प्रमुखानं तय्यबेचं नाव दिलं, कारण दुसरी सुईण स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर होती.

दोन आठवडे तय्यबे विद्यापीठात जाऊन बसली. बोलायला शिकवतील अशी तिची समजूत होती. नवाबी म्हणाली, "बोलता तुम्हाला येतंच. गप्प बसायला शिकायचंय."

"म्हणजे बाई रडायला लागली की मी काय करू?"

"तिला रडू द्या."

"आणि मी? तिच्या तोंडाकडे बघत बसू?"

"हो. तेवढंच करा. ते झालं की विचारा, घरी कोण काय म्हणालं."

तय्यबेला पहिले चार दिवस हे सगळं रिकामटेकड्यांचं वाटलं. पाचव्या दिवशी नवाबीनं सरावासाठी तिलाच खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "तुम्ही बायकांना ओरडता तेव्हा तुम्हाला नक्की कसली भीती वाटते?" तय्यबेनं डोंगरातल्या त्या बाईचं नाव घेतलं. तेवीस वर्षांत ते नाव तिनं उच्चारलं नव्हतं. नवाबी काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. तय्यबे घरी गेली आणि तीन तास सलग झोपली, दुपारची.

प्रयोग असा होता. साठातल्या तीस जणींना सहा मंगळवार, दर मंगळवारी दीड तास, तय्यबेच्या खोलीत गोल बसवायचं. उरलेल्या तीस जणींना नेहमीसारखंच: आहाराचा कागद, बोट टोचून साखर मोजायचं यंत्र, वही, तपासणी.

"त्यांच्याशी मी कसं बोलू?" तय्यबेनं विचारलं.

"आजवर बोलत आलात तसंच. कमी नाही, जास्त नाही. त्यांनाही तुम्ही गोड बोलायला लागलात तर फरक कशाचा मोजणार आपण?"

"तसं बोलायला मला शिकावं लागणार नाही," तय्यबे म्हणाली, आणि दोघी हसल्या.

कोण कुठल्या गटात जाणार ते ठरवायला नवाबीनं कापडी पिशवी शिवून घेतली होती. आत तीस हिरव्या, तीस पांढऱ्या चिठ्ठ्या. बाईनं सही करायची, हात घालायचा आणि चिठ्ठी काढायची. पिशवी धरून तय्यबे बसायची.

नजमे आली ती सासूबरोबर. तेवीस वर्षांची, मेयबोदच्या कुंभाराची मुलगी, हातापायांनी काटकुळी. दोन गल्ल्या सोडून मिठाईवाल्यांच्या घरात दिलेली. याआधी दोनदा तिसऱ्या महिन्यातच पोट पडलं होतं; हे तिसरं सहाव्या महिन्यापर्यंत टिकलं होतं, आणि आता रक्तात साखर निघाली. सासूला सगळी वस्ती हाजिया म्हणायची. ती खुर्चीवर बसली, सून उभी राहिली.

"आमच्या घरात चार पिढ्या साखरेत हात घालून बसल्यात," हाजिया म्हणाली. "एकालाही नाही झाली. ही मेयबोदहून घेऊन आली."

"साखर रुखवतात बांधून आणत नाहीत, हाजिया. पोटुशीपणात होते ती. बाळंत झाली की जाते."

"जाते म्हणता. आणि नाही गेली तर? मिठाईच्या दुकानाची सून साखरेनं पडली म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणेल? यांचंच खाऊन पडली म्हणेल."

"तुम्ही गिऱ्हाइकाला सांगू नका."

"मी नाही सांगणार. पण हिच्या दंडात सुया टोचायला लागलात तर लपणार आहे का? सुई लागलेली सून घरात ठेवून काय करू मी? तसं असेल तर तिच्या बापाला कळवते, घेऊन जा तुमची."

नजमे जमिनीकडे बघत होती. तय्यबेनं कागद पुढं केला, तिनं सही केली आणि पिशवीत हात घातला. बराच वेळ हात आतच होता. काढलेली चिठ्ठी पांढरी होती.

"हे चांगलं का?" तिनं विचारलं.

"चांगलं-वाईट काही नाही त्यात. तुझी नेहमीसारखी तपासणी होईल."

"आणि हिरवी निघाली असती तर?"

"तर मंगळवारी बायकांबरोबर बसून बोलायचं असतं."

"कशाबद्दल?"

"हेच. साखर, घर, भीती, काय असेल ते."

"त्याला कशाला चिठ्ठी काढायची?" हाजिया म्हणाली. "बोलायला बायकांना कोण अडवतं?"

मंगळवारी हाजिया तिच्या प्रार्थनेच्या बायकांकडे जायची. नजमेला एकटीला घराबाहेर पडता यायचं ते तेवढ्या एका दिवशी. म्हणून तिनं तपासणीचा दिवस मंगळवार मागून घेतला, आणि त्यामुळे झालं असं की हिरव्या चिठ्ठीच्या बायका आत गोल बसायच्या तेव्हा ही बाहेर बाकावर पाळी येण्याची वाट बघत असायची. दार जुनं, खालून चार बोटं वर उचललेलं. आतलं सगळं ऐकू यायचं.

आत जे चाललं होतं ते बघून तय्यबे स्वतःच चकित होती. पहिल्या मंगळवारी बायका तिला भिऊन गप्प बसल्या. दुसऱ्या मंगळवारी एकीनं सांगितलं, रोज बोट टोचताना मला वाटतं माझ्या बाळाला शिक्षा होतेय. तिसऱ्या मंगळवारी इश्रत नावाची, गालिचे विणणारी दांडगी बाई म्हणाली, "तय्यबे खानम, आता तुम्ही ओरडत नाही म्हणून सांगते. माझी वही खोटी आहे. चौऱ्याण्णव, ब्याण्णव, सगळं मनानं लिहिलंय मी. खरे आकडे बघितले असते तर तुम्ही मला खिडकीतून खाली टाकलं असतंत." मग एक हसली, दुसरी हसली, आणि आणखी चार जणींनी आपापल्या वह्या पुढं केल्या. त्याही खोट्या होत्या. सगळ्या पोटं धरून हसत होत्या, तय्यबेही. त्या आठवड्यापासून खरे आकडे यायला लागले, आणि खरे आकडे आले तशी औषधं नीट लागू झाली. तेवीस वर्षं आपण घाबरवून किती वह्या खोट्या करून घेतल्या, हा विचार तय्यबेला त्या रात्री आला आणि मग तिनं तो केला नाही.

हसण्याचा आवाज बाहेर बाकावर गेला होता. दार उघडलं तेव्हा नजमे उभी होती.

"तय्यबे खानम, मला आत बसू द्या ना. मी काही बोलणार नाही. दाराशी बसते, जमिनीवर."

"तुझी पांढरी आहे."

"माहीत आहे. कुणाला सांगणार नाही मी."

तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तय्यबेनं ताबडतोब नाही म्हटलं नाही. तिनं नवाबीला फोन केला. नवाबीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं," ती म्हणाली. "पण एकीला आत घेतलंत तर साठ जणींचं काम फुकट जाईल. आणि हे सिद्ध झालं तर पुढं हजारो बायकांना मिळणार आहे. शेवटची मोजणी झाली की पांढऱ्या गटालाही आपण बोलावणारच आहोत. तसं लिहून दिलंय मी."

"ती तोवर बाळंत झालेली असेल."

"हो," नवाबी म्हणाली. "असेल."

तय्यबे परत आली आणि नजमेला म्हणाली, "नाही जमत." मग तिला तपासलं. वहीत एकशे अठरा, एकशे तेवीस, जेवणानंतर एकशे सत्तर असे आकडे होते. खरे, वेगवेगळ्या शाईतले, एका पानावर रक्ताचा ठिपका. तय्यबेला आठवलं, आजवर बोलत आलात तसंच. तिनं आवाज चढवला. तो तिचाच आवाज होता, पण आता तो तिला ऐकू येत होता.

"एवढी साखर घेऊन फिरतेस? लाज नाही वाटत? घरात सणाची मिठाई बनतेय म्हणून तोंड चालूच का? पुढच्या मंगळवारी हेच आकडे आले तर डॉक्टरांना सांगून तुला सुई लावीन, सांगून ठेवते."

"मी मिठाई खात नाही," नजमे म्हणाली. "मी बदाम सोलते फक्त. खानम, ती सुई लावली तर मला घरी..."

"घरचं मला सांगू नकोस. आकडे आण."

तिनं आकडे आणले. पुढच्या मंगळवारी वही स्वच्छ होती. ब्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्याण्णव, त्र्याण्णव. सात दिवसांचे अठ्ठावीस आकडे, सगळे एकाच निळ्या शाईत, एका बैठकीत लिहिलेले, अक्षर ओळीनं खाली खाली घसरत गेलेलं. रक्ताचा ठिपका कुठंही नव्हता.

तय्यबेला पानावर नजर टाकताक्षणीच कळलं. इश्रतची वही मागच्याच मंगळवारी तिनं हातात धरली होती. आत गोलात ही वही आली असती तर काय म्हणायचं ते तिला पाठ होतं: हे लिहिताना तुला कसं वाटलं? पण ते वाक्य हिरव्या चिठ्ठीचं होतं. पांढरीला द्यायचं होतं ते ओरडणं, आणि ओरडण्याचा परिणाम तर पुढ्यात पसरलेला होता. आणखी ओरडून पोरगी आणखी सफाईनं लिहील एवढंच. गोड बोलायला बंदी, आणि ओरडायला आता जीभ वळत नव्हती. बाहेर तेरा बायका बसल्या होत्या. तय्यबेनं पानाखाली सही केली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "असंच चालू दे."

नजमे जागची हलली नाही. काहीतरी व्हायची वाट बघितल्यासारखी ती थोडा वेळ टेबलापाशी उभी राहिली. मग वही पिशवीत घालून गेली.

पुढचे सात मंगळवार असेच गेले. निळी शाई, छान आकडे, सही. प्रयोगशाळेत रक्त द्यायचं असलं की नजमे आधीचे दोन दिवस पाण्यावर आणि काकडीवर काढायची, त्यामुळे तिथलाही आकडा बरा यायचा. हे पुढं कळलं. एकदा ती बाकावरच घेरी येऊन कलंडली, तेव्हा आतल्या बायका गाजर खाताना कुणाला कशी उचकी लागली ते सांगून हसत होत्या. केंद्रातल्या शिपायानं तिला पाणी दिलं. तय्यबेनं तिचा रक्तदाब मोजला आणि घरी जाऊन नीट खा म्हणून सांगितलं. पोट वाजवीपेक्षा मोठं दिसत होतं. साखर चढलेल्या पोटात बाळ असंच फुगतं, हे तिला ठाऊक होतं. बाळ धष्टपुष्ट आहे, असं तिनं लिहिलं.

वर्षाचा शेवटचा इस्फंद महिना आला. नौरोज, नव्या वर्षाचा सण, तोंडावर, मिठाईच्या घरांत कुणाला श्वास घ्यायला उसंत नव्हती. त्या मंगळवारी नजमे आली ती हाजियाबरोबर, आणि हाजिया प्रार्थना सोडून आली होती.

"कालपासून झोपलंय," नजमे म्हणाली. सदतिसावा आठवडा होता.

"तीन वेळा खडीसाखर घालून चहा दिला," हाजिया म्हणाली. "ढवळून ढवळून दिला. हलेल म्हटलं."

तय्यबेनं नजमेला आडवं केलं आणि ठोके ऐकायचं यंत्र पोटावर टेकवलं. डावीकडे, उजवीकडे, बेंबीखाली. पुन्हा डावीकडे. एक ठोका ऐकू येत होता, जलद. पण तो नजमेच्या स्वतःच्या मनगटातल्या नाडीशी जुळत होता. तय्यबेनं तिचं मनगट बराच वेळ धरून ठेवलं.

"सापडलं का?" नजमेनं विचारलं.

"नाही."

"मग अजून शोधा."

तिनं अजून शोधलं. हाजिया खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

इस्पितळात कळा आणायला दीड दिवस लागला. तय्यबे सुट्टी टाकून तिथं बसून राहिली. तिथं तिचं काही काम नव्हतं. नजमे तिच्याकडे बघत नव्हती आणि ओरडतही नव्हती. तिथल्या सुईणीनं तिला म्हटलंही, "अगं, ओरड तरी," पण ती ओठ दाबून पडून राहिली. मुलगा होता. चार किलो चारशे ग्रॅम, गुबगुबीत दंड, डोकं केसांनी भरलेलं. अंगावर कुठं खोट नव्हती. नवरा हबीब दाराशी आला, त्यानं बघितलं आणि तो आत आला. हाजियानं कापड बाजूला सारून नातवाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"केवढा आहे बघा," ती म्हणाली. "खाऊन खाऊन मारला पोराला."

नजमे हातभर अंतरावर जागी होती. तय्यबेनं हाजियाला काही सांगायला तोंड उघडलं. मग तिच्या ध्यानात आलं की खरं काय ते सांगायचं तर निळ्या शाईपासून सुरुवात करावी लागेल, आणि त्या शाईखाली आठ सह्या आहेत. तिनं तोंड मिटलं. कापड पुन्हा बाळाच्या तोंडावर ओढलं ते हबीबनं.

आठवड्यानं तय्यबे वही घेऊन नवाबीकडे गेली.

"ही खोटी आहे. हिचे आकडे तुमच्या तक्त्यातून काढा."

नवाबीनं वही चाळली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे पुसले. ते दुःख खोटं नव्हतं. तय्यबे आता तेवढं ओळखायला शिकली होती.

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"आत्ता," तय्यबे म्हणाली.

"काढता येत नाही हो. एकदा चिठ्ठी उचलली की ती बाई शेवटपर्यंत मोजावी लागते. जे आकडे दिले ते दिले. तसा नियमच आहे, नाहीतर प्रत्येक जण नको ती बाई वगळत बसेल."

"मग ही चांगल्या साखरेची बाई म्हणून राहणार?"

"चांगल्या साखरेची. आणि मृतजन्म एक. दोन्ही राहील."

दीड महिन्यानं, लिहून दिल्याप्रमाणे, पांढऱ्या गटाला बोलवायची वेळ आली. सहा बैठका नाही, एकच. बाकीचं पुस्तिकेत छापलेलं. यादीतल्या तीसही जणींना फोन करायचे होते, कुणाला गाळायचं नाही. तय्यबेनं नजमेचा नंबर सगळ्यात शेवटी लावला. फोन नजमेनंच उचलला.

"मी येईन," ती लगेच म्हणाली.

"अगं, बाकीच्या बायका बाळं घेऊन येतील. तू नाही आलीस तरी चालेल. मी तसं लिहीन."

"मला बघायचंय तुम्ही आत काय करता ते."

अकरा जणी आल्या, दहा बाळांना घेऊन. नजमे वेळेच्या आधीच येऊन दारासमोरच्या खुर्चीत बसली होती. कोपऱ्यात नवाबी वही उघडून बसली, कारण बैठक सगळीकडे सारखी झाली पाहिजे होती. सुरुवात ठरलेली होती आणि तय्यबेला ती वगळता आली नाही.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "दोन्ही हात पोटावर ठेवा. आता सावकाश श्वास घ्या. तुमचं बाळ आणि तुम्ही..." तिथं ती अडली. बायकांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. नजमेनं डोळे मिटलेलेच ठेवले होते, हात पोटावर होते. आपली पाळी आलेल्या शाळकरी मुलीसारखी ती नीट बसली होती. शेजारचं बाळ भुकेनं रडायला लागलं. थोड्याच वेळात नजमेच्या छातीवर कापड ओलं झालं आणि तिनं चादर पुढं ओढून घेतली. आजूबाजूच्या बायकांनी ते पाहिलं. एकीनं आपलं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं, नजमेपासून लांबच्या.

पुढचा तासभर बायका बोलल्या. सुटकेनंच बोलत होत्या. साखर गेली होती, बाळं मांडीवर होती. नजमेनं एक शब्द काढला नाही. निघताना मात्र ती वऱ्हांड्यात त्याच बाकापाशी थांबली.

"तय्यबे खानम, तुम्हाला कळलं होतं ना? आकडे."

नवाबीला सांगितलं तेच हिलाही सांगता आलं असतं.

"हो," तय्यबे म्हणाली.

"कधी?"

"पहिल्याच मंगळवारी."

नजमेनं मान हलवली. रागावल्याचं काही दिसत नव्हतं. खूप दिवस न लागलेला हिशोब लागल्यावर माणूस जसं बघतं, तसं ती बघत होती.

"मग ओरडला का नाहीत?"

तय्यबेनं चादर सावरली.

"मी दर मंगळवारी घरून ठरवून यायचे. आज खानम ओरडतील, वही फेकतील, मग मी रडेन आणि सगळं सांगेन. आत तुम्ही प्रेमानं बोलायच्या, ते माझ्या वाट्याचं नव्हतं. ते मी समजून घेतलं होतं. पण ओरडणं तर माझं होतं ना?"

तय्यबे तिच्या तोंडाकडे बघत राहिली. बाई बोलली की गप्प बसायचं, उपाय सांगायचा नाही, एवढंच तिला आता येत होतं.

"असं बघू नका माझ्याकडे," नजमे म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.

बाळंतपणानंतरची साखरेची तपासणी तय्यबेनंच केली होती. साखर पूर्ण गेली होती, रक्त एखाद्या कोवळ्या पोरीसारखं स्वच्छ. त्याचा कागद तिनं शिपायाबरोबर हाजियाच्या घरी पाठवला. तो कुणी वाचला का, ते कळलं नाही. उन्हाळ्यात हबीबनं नजमेला माहेरी पोचवलं आणि शरदात तलाक झाला. कारण म्हणून आजारपण लिहिलं होतं.

नवाबीचं काम छापून आलं. हिरव्या गटाची साखर उतरली होती, भीती निम्म्यावर आली होती. शेवटी आभारात तय्यबेचं नाव होतं. दुसऱ्या केंद्रांतल्या सुईणींना शिकवायला तिला बोलावू लागले आणि ती उत्तम शिकवायची, असं सगळ्याच सांगतात. वस्तीतल्या बायका तिला रस्त्यात थांबवून बाळं दाखवू लागल्या. तय्यबे खानमसारखी मायाळू बाई नाही, असं नव्यानं दिवस गेलेल्या सुना एकमेकींना सांगायच्या. जुन्यांना ते ऐकून हसू यायचं.

निवृत्त व्हायच्या वर्षी, मोहरमनंतर, ती एकदा मेयबोदला गेली. कुंभारवाड्यात घर विचारत विचारत पोचली. ओसरीवर कच्च्या वाडग्यांच्या रांगा वाळत होत्या आणि आतून चाक फिरल्याचा आवाज येत होता. नजमेची आई बाहेर आली, तिनं तय्यबेला सतरंजीवर बसवलं आणि चहा आणला.

"नजमे घरात नाही," ती म्हणाली.

आतलं चाक थांबलं होतं.

"येईल का इतक्यात?"

आई चादरीच्या काठाशी चाळा करत बसली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. "तिनंच सांगितलंय असं सांगायला," ती शेवटी म्हणाली. "लांबून आल्यात, चहा दे म्हणाली. उपाशी पाठवू नकोस म्हणाली. पण बसवून घेऊ नकोस म्हणाली."

तय्यबेनं चहा संपवला. आईनं समोर ठेवलेल्या बशीतला भाकरीचा तुकडा आणि चीजही खाल्लं, सगळं. उठून चादर सारखी केली. ती गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत आतलं चाक सुरू झालं नाही. बसला अजून पाऊण तास होता. ती थांब्यावर उन्हात उभी राहिली.